बसल्या जागी विश्वदर्शन

आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर पथ्य सांगतात, औषधांच्या वेळा सांगतात, किती चालावे आणि किती जिने चढू नयेत हेही सांगतात. परंतु घराच्या उंबरठ्याआड काढाव्या लागणाऱ्या त्या लांबलचक दिवसांत मनाने काय करावे, हे बहुधा कोणी सांगत नाही. शरीराला विश्रांती मानवते. मनाला रिकामपण मानवत नाही. पाय प्लास्टरमध्ये असलेला तरुण, नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ, गुडघ्यांमुळे बाहेर पडणे बंद झालेल्या आजी, पावसाच्या झडीत घरात अडकलेली मुले, या सर्वांचे दुखणे एका अर्थी सारखेच असते. जग बाहेर चाललेले असते आणि आपण आत असतो.

अशा माणसाच्या टेबलावर जग आणून ठेवणारा एक जुना, साधा आणि अल्पखर्ची छंद आहे. तो म्हणजे देशोदेशींची टपाल तिकिटे जमविणे. कोणी म्हणेल की, आता हातातील मोबाइलवर सारे जग दिसत असताना या कागदाच्या कपट्यांचे कौतुक कशाला? शंका रास्त आहे. पडद्यावर जग दिसते खरे, पण ते आपल्यापुढून वाहत जाते. एक चित्र नीट पाहून होण्याआधी दुसरे येऊन ठेपते. तिकीट मात्र जागचे हलत नाही. म्हणून हालचाल पाहणाऱ्याच्या मनाला करावी लागते. भिंग घ्यावे लागते, अक्षरे लावावी लागतात, नकाशा उघडावा लागतो. या छंदाचे आकर्षण आणि त्याचा आरोग्याशी असलेला संबंध या छोट्याशा श्रमातच आहे.

काळ्या पेनीपासून

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला मोजावे लागत आणि ते अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरत. गरिबाच्या दारी आलेले पत्र पैशांअभावी परत जाई. रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये पुस्तिका लिहून या पद्धतीवर टीका केली आणि पाठविणाऱ्याने आधीच भरावयाचा, अंतर काहीही असले तरी एकच असा स्वस्त दर सुचविला. त्यातूनच १ मे १८४० रोजी जगातील पहिले चिकटविण्याजोगे टपाल तिकीट विक्रीस आले आणि ६ मेपासून ते वापरात आले. काळ्या रंगात छापलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या मुखचित्रामुळे ते ‘पेनी ब्लॅक’ म्हणून ओळखले गेले. त्यावर देशाचे नाव नव्हते, कारण अशी तिकिटे काढणारा दुसरा देशच तेव्हा नव्हता. ब्रिटनच्या तिकिटांवर आजही देशाचे नाव नसते. राजा किंवा राणीची मुद्रा हीच त्यांची ओळख.

आशियात ही पद्धत प्रथम आली ती सिंध प्रांतात. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले बार्टल फ्रिअर तेव्हा सिंधचे आयुक्त होते. त्यांच्या पुढाकाराने १ जुलै १८५२ पासून अर्ध्या आण्याची ‘सिंध डाक’ तिकिटे सुरू झाली. लाल लाखेच्या चकतीवर उठविलेले तिकीट लगेच तडकत असे, म्हणून पांढऱ्या व निळ्या कागदी तिकिटांचाही वापर झाला. १८५४ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली.

परंतु तिकिटाला जगभर फिरण्याचा खरा परवाना मिळाला तो १८७४ मध्ये. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे अनेक राष्ट्रांनी करार करून आज जागतिक टपाल संघ म्हणून ओळखली जाणारी संघटना स्थापन केली. भारत १८७६ मध्ये तिच्यात सामील झाला. एका देशाने तिकिटाचे पैसे घ्यावेत आणि दुसऱ्या देशाच्या टपालवाहकाने ते पत्र मुकाट्याने दारी पोहोचवावे, हा या कराराचा गाभा होता. राष्ट्राराष्ट्रांत युद्धे झाली, सरकारे उलथली, तरी ही परस्पर विश्वासाची व्यवस्था टिकली. परदेशी तिकीट हाती धरताना आपण या विश्वासाची पावतीच हाती धरत असतो.

या छंदाचे इंग्रजी नाव ‘फिलाटेली’. १८६४ मध्ये जॉर्ज एर्पँ या फ्रेंच संग्राहकाने ग्रीक शब्दांवरून ते घडविले. ‘करमुक्तीची आवड’ असा त्याचा काहीसा गमतीदार शब्दशः अर्थ होतो. तिकीट लावलेले पत्र घेणाऱ्याला काही द्यावे लागत नाही, हाच त्यातला आशय.

तिकीट वाचावयाचे कसे?

नवशिक्या संग्राहकापुढे पहिले कोडे उभे राहते ते देशाच्या नावाचे. ‘हेल्वेशिया’ हा देश नकाशावर सापडत नाही. शोध घेतल्यावर कळते की हे स्वित्झर्लंडचे लॅटिन नाव. चार राष्ट्रभाषा असलेल्या देशाने कोणत्याच भाषेवर अन्याय होऊ नये म्हणून पाचवीच भाषा जवळ केली. ‘मग्यार’ म्हणजे हंगेरी, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, ‘नॉर्गे’ म्हणजे नॉर्वे, ‘निप्पॉन’ म्हणजे जपान. आपण ज्यांना ज्या नावाने हाक मारतो, ते स्वतःला त्या नावाने ओळखत नाहीत, ही एवढीशी गोष्टही मुलाच्या मनाचा उंबरा ओलांडून जाते. पाठ्यपुस्तकात ती वाचणे वेगळे आणि स्वतः शोधून काढणे वेगळे.

दुसरे कोडे नाहीशा झालेल्या देशांचे. झांझिबार, सिलोन, ऱ्होडेशिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, पूर्व जर्मनी ही नावे नकाशांतून गेली. अल्बममध्ये ती शाबूत आहेत. आपल्याजवळही असे उदाहरण आहे. गोवा मुक्त होण्यापूर्वी, १९६१ पर्यंत, तेथे पोर्तुगीज राजवटीची स्वतंत्र तिकिटे चालत. होळकरांच्या इंदूर संस्थानाची स्वतःची तिकिटे होती, तर शिंद्यांच्या ग्वाल्हेरमध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर संस्थानाचे नाव छापून ती वापरली जात. संस्थाने विलीन झाली, पण त्यांचा कारभार कसा चाले याचा पुरावा या कागदांवर उरला आहे.

तिसरे कोडे आकड्यांचे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत चलनाची किंमत इतकी कोसळली की १९२३ मध्ये तेथील टपालखात्याला अब्जावधी मार्कांची तिकिटे काढावी लागली. जुन्या तिकिटांवर नवी किंमत घाईघाईने ठोकली जाई आणि तीही लगेच अपुरी पडे. चलनवाढ म्हणजे काय, हे समजावण्यासाठी असे एक तिकीट मुलापुढे ठेवले, तर अर्थशास्त्राचा पुढचा धडा तो आपणहून विचारील.

शिवाय निव्वळ गंमत आहेच. केप ऑफ गुड होप या वसाहतीने १८५३ मध्ये त्रिकोणी तिकीट काढले. टोंगा या चिमुकल्या बेटराष्ट्राने १९६९ मध्ये केळ्याच्या आकाराचे तिकीट काढले. भूतानने पोलादाच्या पातळ पत्र्यावर तिकिटे छापली आणि ग्रामोफोनवर लावून ऐकता येतील अशी बोलकी तिकिटेही काढली. भारताचे चंदनगंधी तिकीट २००६ मध्ये आले, पुढे गुलाबाची व जाईजुईची सुवासिक तिकिटे आली आणि २०११ मध्ये खादीच्या कापडावर गांधीजींचे तिकीट निघाले. महाराष्ट्राचा या साऱ्याशी जवळचा संबंध आहे. नाशिकरोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२० च्या दशकापासून तिकिटे छापत आली आहे. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर आपल्या हयातीतच झळकण्याचा पहिला मान मिळाला तो महर्षी धोंडो केशव कर्वे यांना, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, १८ एप्रिल १९५८ रोजी.

चाकांच्या खुर्चीतील राष्ट्राध्यक्ष

ही सारी मौज झाली. परंतु संकटात सापडलेल्या माणसाला या छंदाने हात दिल्याचे उदाहरण आहे का? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आहे. त्यांच्या आईने बालपणी तिकिटे जमविण्यास आरंभ केला होता. तो संग्रह पुढे मामांकडे गेला आणि मामांकडून लहानग्या फ्रँकलिनकडे आला. ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, कॅनडातील कँपोबेलो बेटावर सुट्टीत असताना ते अचानक आजारी पडले. पोलिओचे निदान झाले आणि दोन्ही पाय कायमचे लुळे झाले. उमेदीच्या राजकारण्याला, पोहणे आणि शिडाच्या होडीतून भटकणे यांत रमणाऱ्या माणसाला, बिछान्यावर पडून राहावे लागले. त्या महिन्यांत आणि पुढील वर्षांत त्यांच्या हाताशी जे होते, त्यांत तिकिटांचे अल्बम होते.

तिकिटांनी त्यांचे पाय बरे केले नाहीत. तसे कोणी म्हणूही नये. त्यांनी जिद्दीने व्यायाम केले, उष्णोदकातील उपचार घेतले, पायांना आधारपट्ट्या लावून उभे राहण्याचा सराव केला. परंतु दिवसाचे चोवीस तास कोणी व्यायाम करू शकत नाही. उरलेल्या वेळात मनाला आपल्या दुखण्याभोवती घिरट्या घालू न देणे, हेही उपचाराइतकेच कठीण काम असते. ते काम या छंदाने केले. शरीर एका खोलीत थांबलेले असताना त्यांचे मन चिमट्यात धरलेल्या तिकिटाबरोबर हाँगकाँगला किंवा हैतीला जाऊन येत होते.

१९३३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. जागतिक मंदी आणि नंतर महायुद्ध यांचा भार त्यांच्या खांद्यावर होता. तरीही थोडा वेळ काढून ते अल्बम उघडत. परदेशांतून येणाऱ्या सरकारी पत्रांवरील तिकिटे परराष्ट्र खाते त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवी. प्रवासाला जाताना तिकिटांची पेटी सोबत असे. आपल्या कारकिर्दीतील अनेक तिकिटांच्या आराखड्यांत त्यांनी स्वतः लक्ष घातले, काहींची कच्ची रेखाटनेही केली. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. संयुक्त राष्ट्रांच्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेनिमित्त निघणाऱ्या तिकिटावर त्यांनी अखेरच्या दिवसांतही लक्ष ठेवले होते. त्यांच्या संग्रहात अतिदुर्मीळ अशी तिकिटे फारशी नव्हती. ज्यांच्याजवळ हवे ते विकत घेण्याची ऐपत होती, त्यांनाही तिकिटाची किंमत नव्हे, तर संगत हवी होती.

पाचगणीच्या वर्षांतील एक अल्बम

दुसरे उदाहरण एका मुलाचे. फारुख बलसारा हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा आठव्या वर्षी आईवडिलांपासून हजारो मैल दूर, पाचगणीच्या निवासी शाळेत शिकावयास आला. वडिलांना तिकिटांचा नाद होता. मुलानेही साधारण नऊ ते बारा या वयात आपला अल्बम सजविला. पुढे हाच मुलगा ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा जगप्रसिद्ध गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. अल्बमच्या काळ्या पानांवर त्याने तिकिटे देशांच्या यादीप्रमाणे निमूटपणे चिकटविली नाहीत. रंग आणि आकार जुळवून, डावी-उजवी बाजू साधून त्यांच्या नक्ष्या केल्या आहेत. छंद एकच, पण कोणी त्यात भूगोल शोधतो, कोणी इतिहास आणि कोणी रंगसंगती. घरापासून तुटलेल्या त्या वयात वडिलांच्या आवडीचा एक धागा त्याच्या हाती होता, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

एड्समुळे १९९१ मध्ये मर्क्युरी यांचे निधन झाले. १९९३ मध्ये त्यांच्या वडिलांनी तो अल्बम लिलावात विकला. लंडनच्या टपाल संग्रहालयाने तो घेतला आणि मिळालेली रक्कम एड्सविरोधी कार्य करणाऱ्या, मर्क्युरी यांच्या नावाच्या न्यासाला देण्यात आली.

रोगांशी लढलेले कागद

तिकीट आणि आरोग्य यांचे नाते त्याहूनही जुने आहे. डेन्मार्कमधील एक टपाल कर्मचारी आयनार होल्बोल यांना नाताळातील शुभेच्छापत्रांचे ढीग पाहून एक कल्पना सुचली: प्रत्येक पत्रावर आणखी एक स्वस्तशी मुद्रा लावली, तर क्षयरोगाने ग्रासलेल्या मुलांसाठी केवढा निधी उभा राहील! १९०४ च्या नाताळात ती प्रत्यक्षात आली, लोकांनी लक्षावधी मुद्रा घेतल्या आणि ही प्रथा देशोदेशी पसरली. आपल्याकडे टी. बी. असोसिएशनची ‘टीबी सील’ शाळांतून विकली जात. आजच्या अनेक आजी-आजोबांनी ती वहीवर किंवा पत्रावर चिकटविलेली असेल. न्यूझीलंडने १९२९ पासून खास ‘आरोग्य तिकिटे’ काढली. टपालदराहून थोडे अधिक पैसे द्यावयाचे आणि ते अधिकचे पैसे आरोग्यकार्यासाठी वापरावयाचे. पुढे अनेक दशके अशक्त मुलांच्या आरोग्य शिबिरांना या तिकिटांनी हातभार लावला.

जागतिक आरोग्य दिनी, ७ एप्रिल १९६२ रोजी आणि त्या वर्षभरात, हिवतापाविरुद्धच्या जागतिक मोहिमेसाठी शंभराहून अधिक देशांनी व प्रदेशांनी तिकिटे काढली. भारतही त्यांत होता. ती मोहीम पुरती यशस्वी झाली नाही आणि हिवताप अद्याप गेलेला नाही. तरीही परस्परांशी वैर असलेल्या राष्ट्रांनी एकाच डासाविरुद्ध एकाच वर्षी तिकिटे काढली, हे चित्र पाहण्याजोगे आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या साहाय्यासाठी भारतात प्रत्येक पत्राला पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘रिफ्यूजी रिलीफ’ अशी अक्षरे छापून ते आरंभी वापरात आणले गेले. ज्यांनी ते स्वतः चिकटविले, ती पिढी आपल्या घरांत आहे, तिला विचारावे.

मनाला काय मिळते?

तिकिटे जमविल्याने रक्तदाब उतरतो किंवा स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा येथे करावयाचा नाही. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप उडाली असेल किंवा अन्नावरची वासना गेली असेल, तर डॉक्टरांकडे जावे; छंद हा उपचाराला पर्याय नव्हे. परंतु जो अनुभव कोणीही घरी घेऊन पाहू शकतो, त्याविषयी बोलता येईल. तिकीट चिमट्याने उचलणे, दात्यांची कड न मुडपता ते जागेवर ठेवणे, भिंगातून शिक्क्यावरील पुसट तारीख लावणे, या कामांत हात, डोळे आणि मन एकाच ठिकाणी येतात. तेवढ्या वेळात चिंतेला जागा राहत नाही.

दुसरा लाभ क्रम लावण्याचा. आजारात किंवा निवृत्तीनंतर पुष्कळ गोष्टी आपल्या हातून सुटल्यासारख्या वाटतात. अशा वेळी अल्बमचे एक पान आपल्या मनाप्रमाणे नीट लावून पुरे करणे, हेही समाधान असते. तिसरा लाभ अपुरेपणाचा. जगातील सर्व तिकिटे कोणालाही कधीच मिळत नाहीत. मालिकेतील एक जागा रिकामी असते आणि तिची वाट पाहिली जाते. उद्याची वाट पाहावी असे काही असणे, हे वृद्धापकाळी औषधाइतकेच मोलाचे आहे.

आणि चौथा लाभ सोबतीचा. आजोबा आणि नातवंड यांना बरोबरीने करता येण्याजोगी कामे फार थोडी उरली आहेत. येथे आजोबांना ‘सिलोन’ म्हणजे काय हे ठाऊक असते आणि नातीला शिक्क्यावरील बारीक अक्षर भिंगाविना दिसते. दोघांपैकी कोणीही दुसऱ्यावर उपकार करीत नसतो.

आरंभ कसा करावा?

आरंभासाठी महागडे साहित्य लागत नाही. सपाट टोकांचा चिमटा, एक भिंग, तिकिटे खोचून ठेवण्याचे स्टॉकबुक आणि घरातील नकाशासंग्रह पुरे. निरनिराळ्या देशांच्या वापरलेल्या तिकिटांची मिश्र पाकिटे विक्रेत्यांकडे माफक किमतीत मिळतात. मोठ्या टपाल कार्यालयांतील फिलाटेलिक ब्यूरोत नवी भारतीय तिकिटे मिळतात आणि तेथे ठेव खाते उघडल्यास ती घरपोच येतात. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी टपाल खात्याची ‘दीनदयाळ स्पर्श’ ही शिष्यवृत्ती योजनाही आहे. सर्व जग एकदम जमवू नये. पक्षी, आगगाड्या, औषधी वनस्पती, एखादा खंड किंवा आपल्या जन्मवर्षात निघालेली तिकिटे असा एक विषय धरला की संग्रहाला आकार येतो.

पाकिटावरील तिकीट ओढून काढू नये. भोवतीचा कागद थोडा राखून कापावा आणि पसरट भांड्यातील साध्या किंवा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. डिंक सुटला की तिकीट अलगद बाजूला होते. ते टीपकागदावर पालथे घालून वाळवावे आणि जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावे. रंगीत पाकिटांचे तुकडे वेगळ्या भांड्यात भिजवावेत, नाहीतर रंग उतरून सारीच तिकिटे डागाळतात. अलीकडील पुष्कळ स्वयंचिकट तिकिटे पाण्याने सुटत नाहीत. ती कागदासह कापून ठेवावीत.

आपल्या हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, संग्रहाचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. दमटपणाने डिंक पाझरतो, तिकिटे पानांना चिकटतात आणि त्यांवर तांबूस डाग पडतात. अल्बम एकावर एक न रचता पुस्तकांप्रमाणे उभे ठेवावेत, बाहेरच्या ओलसर भिंतीपासून दूर ठेवावेत आणि कोरड्या दिवशी पाने उघडून हवा द्यावी. कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास त्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे पाहावे. काम करताना प्रकाश भरपूर असावा, अर्ध्या तासाने उठून मान आणि डोळे यांना विसावा द्यावा. मधुमेह किंवा मोतीबिंदू असलेल्यांनी मोठे, दिव्याचे भिंग वापरणे सोयीचे. बोटे आखडली असतील, तर तिकिटे भिजविणे व देशवार निवडणे ही कामे घ्यावीत. खोचण्याचे काम मुलांकडे द्यावे.

पैशाचा मोह

ब्रिटिश गियानाचे १८५६ मधील एक सेंटचे किरमिजी तिकीट जगात एकच ज्ञात आहे. १८७३ मध्ये ते एका बारा वर्षांच्या मुलाला सापडले आणि त्याने ते काही शिलिंगांना विकून टाकले. २०१४ मध्ये त्याच तिकिटाला सुमारे ९५ लाख डॉलर मिळाले. अशा कथा वाचून कोणी तिकिटांकडे गुंतवणूक म्हणून पाहू लागला, तर त्याने सावध व्हावे. १९६०-७० च्या दशकांत अजमान, शारजा, फुजैरा या नावांनी निघालेली मोठमोठी, झगमगीत तिकिटे अनेकांनी बालपणी जिवापाड जपली असतील. संग्राहकांना विकण्यासाठीच ती प्रचंड प्रमाणात छापली गेली होती. बाजारात त्यांना फारशी किंमत नाही. पण म्हणून त्यांनी दिलेला आनंद खोटा ठरत नाही. विरंगुळ्यासाठी जेवढा खर्च सहज परवडेल तेवढाच करावा आणि ‘हमखास भाव वाढेल’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

आता वेळ थोडा आहे

या छंदाचा पाया म्हणजे पत्र, आणि पत्रे आटत चालली आहेत. ज्या डेन्मार्कमध्ये होल्बोल यांना पत्रांच्या ढिगाऱ्यात क्षयरोगी मुलांचे हित दिसले, तेथील राष्ट्रीय टपालसेवेने २०२५ च्या अखेरीस पत्रवाटप थांबविले. आपल्याकडेही दारात येणाऱ्या पाकिटावर तिकिटाऐवजी बहुधा यंत्राचा ठसा असतो. पुढच्या पिढीला तिकिटे मिळतील ती दुकानातून. पत्रावरून आलेले तिकीट तिला क्वचितच मिळेल.

म्हणून आरंभ दुकानातून न करता घरातून करावा. अनेक मराठी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या खणात किंवा लुगड्याच्या घडीत जुनी पत्रे असतात: आफ्रिकेत नोकरीला गेलेल्या काकांची, युद्धकाळात सेन्सॉरचा शिक्का बसून आलेली, आखातातून दर महिन्याला येणारी. त्यांवरील तिकिटे कापू नयेत. पाकीट, तिकीट, शिक्का आणि आतला मजकूर हे एकत्र असले, तरच त्या पत्राचा पूर्ण अर्थ लागतो. ती पाकिटे तशीच स्वच्छ आवरणात ठेवावीत, शिक्क्यावरील गाव व तारीख वहीत टिपावी आणि पत्र कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी लिहिले हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्यावे. आतल्या मजकुराला हात लावण्यापूर्वी त्यांची अनुमती घ्यावी; काही पत्रे त्यांच्यापुरतीच असतात.

हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांतील कित्येकजण दुपारच्या त्या लांब, रिकाम्या तासांत कोणी येऊन बसण्याची वाट पाहत असतील. येत्या रविवारी त्यांच्या खाटेजवळ एक टेबल ओढावे, त्यावर दिवा, भिंग आणि नकाशा ठेवावा, आणि पहिले पाकीट त्यांच्याच हाती द्यावे.